निफाडकडच्या वाड्याची तुळई जळकी आहे. स्वारीत जळली की नंतरच्या आगीत, हे कसं ओळखायचं?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठावर आमचा दोन चौकी वाडा आहे. घडीव काळ्या दगडाचं चार फूट जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब-तुळया (छत पेलणारी आडवी जाड लाकडं), वर कडीपाट (कड्यांवर फळ्या बसवलेलं छत) आणि त्यावर मातीचं धाबं. दर्शनी दरवाजा नऊ फूट उंच. त्याला दिंडी (मोठ्या दरवाज्यातलं लहान दार) आहे, आत दोन्ही बाजूंना देवडी (पहारेकऱ्यांची जागा), आणि अडसर (आडवा लाकडी दांडा) अजून भिंतीतल्या खोबणीत सरकतो.

घरात पिढ्यानपिढ्या सांगतात ते असं: होळकरांच्या स्वारीत (कोणी म्हणतं पेंढाऱ्यांच्या धामधुमीत) घोडेस्वार गावात शिरले, वाड्याला आग लावली, कर्त्या पुरुषाच्या तोंडाला गरम राखेचा तोबरा (घोड्याची चंदीची पिशवी) बांधला, आणि बायकामुलं भुयारातून नदीकडे निसटली.

प्रत्यक्षात दिसतं ते हे. पहिल्या चौकाच्या डावीकडच्या सोप्यातली तुळई काळी पडलेली आहे. दरवाज्याच्या बाहेरच्या अंगाला बोट जाईल अशी काही भोकं आहेत आणि चौकटीवर खाली, साधारण दोन फुटांवर, खोल घासल्यासारख्या खुणा आहेत. माजघराच्या कोपऱ्यात फरशीखाली पोकळी आहे, तिलाच भुयार म्हणतात. एक रुमालभर (कापडात बांधलेला गठ्ठा) मोडी कागद आहेत. त्यातल्या एकावर ‘सलास मयातैन व अलफ’ असा सन आहे, एवढंच एका जाणकारांनी वाचून दिलं.

आता दुरुस्ती काढायची आहे. कंत्राटदार म्हणतो की काळी तुळई काढून लोखंडी गर्डर टाकू, भिंतींना सिमेंटचा गिलावा करू, दरवाजा तासून पॉलिश करू. त्याआधी मला दोन गोष्टी कळायला हव्यात: ऐकीव हकिकतीत खरं किती, आणि दुरुस्तीत काय हलवायचं नाही?

---

कडीपाट:

ताई, आधी कंत्राटदाराला दरवाज्यापासून लांब ठेवा. एकदा रंधा फिरला की पुढचं काहीच तपासता येणार नाही.

तुळई काळी आहे म्हणजे जळलीच असं नाही. जुन्या वाड्यात शंभर-दीडशे वर्षांचा चुलीचा, धुपाचा, रॉकेलच्या चिमण्यांचा धूर लाकडावर बसलेला असतो. ओल्या फडक्याने हातभर जागा पुसा. काजळी असेल तर फडकं काळं होईल आणि खाली लाकडाची रेघ सलग दिसेल. खरंच जळलं असेल तर वरचा थर कोळशाचा असतो, त्याला आडव्या-उभ्या भेगा जाऊन चौकोनी खवले पडलेले असतात, कडांची धार गोल झालेली असते आणि नखाने चुरा निघतो.

जळकं आहे असं दिसलं तर पुढची तपासणी सांध्यांत करायची. तुळईत ज्या खाचांमध्ये कडीची टोकं बसतात तिथे बॅटरी मारून आत बघा. कडी जागेवर असताना आग लागली तर खाचेच्या आतली बाजू झाकलेली राहते, तिथे लाकूड ताजंच सापडतं. खाच आतूनही कोळसलेली असेल आणि तिच्यात आज बसलेली कडी मात्र स्वच्छ असेल, तर आगीत वरचं छत पूर्ण गेलं, तुळई वाचली आणि नंतर तिच्यावर नवं छत चढवलं. तुळईत आज काहीच न बसलेल्या रिकाम्या खाचा असतील तर ती दुसऱ्या जागेवरून उचलून आणलेलीही असू शकते. मग ती जळाली या वाड्यातच, असं म्हणता येत नाही.

खिळे बघा. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता आणि डोक्याला ओबडधोबड असतो. गोल तारेचे, सारख्या मापाचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्याकडे रुळले. जळक्या तुळईवरचं न जळलेलं छत चौकोनी खिळ्यांनी ठोकलेलं असेल तर आग त्याच्याही आधीची. गोल तारेचे खिळे असतील तर छत अलीकडचं, आणि आग कधीची ते यावरून सांगता येणार नाही.

भिंतीची परीक्षा याहून सोपी आहे. काळ्या तुळईच्या टेकणाजवळ गिलावा जिथे आधीच सुटलाय तिथून सुपारीएवढा मातीचा खडा काढा. दुसरा खडा वाड्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. दोन वाट्यांत पाणी घेऊन एकेक सोडा. न भाजलेली माती काही मिनिटांत विरघळून तळाशी बसते. पाचशे-सहाशे अंशांपुढे भाजलेली माती विरघळत नाही, बहुधा रंगही विटकरी होतो. छताची मोठी आग लागली असेल तर त्या बाजूच्या भिंतीचा वरचा हात-दीड हात असा भाजलेला सापडतो. जोत्याच्या दगडावर पापुद्रे उडालेले आणि तांबूस झाक दिसली तर आग जमिनीलगतही होती.

कार्बन चाचणीवर पैसे घालवू नका. साधारण १६५० नंतरच्या लाकडाला ती इतका रुंद कालखंड देते की १८०२ आणि १८८० यांत फरक करता येत नाही. शिवाय ती झाड वाढल्याचा काळ सांगते, आगीचा नाही.

---

पागा:

वरच्या खुणांचं ठरण्याआधी तुमच्या गावात घोडदळ कधी आणि कोणाचं येऊ शकत होतं ते बघू.

दिंडोरीची लढाई (१७ ऑक्टोबर १६७०) याच जिल्ह्यातली, पण तुम्ही सांगताय तो वाड्याचा घाट पेशवाईतला दिसतो, त्यामुळे ती बाजूला ठेवा. उरतात दोन काळ. पहिला १८०२-०३: यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून दक्षिणेत उतरल्या, २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव झाला, आणि मार्च १८०३ मध्ये होळकर पुण्याहून पुन्हा उत्तरेकडे वळले. जाता-येता दोन्ही वेळा मधला मुलूख भरडला गेला, आणि लगोलग १८०३-०४ चा दुष्काळ पडला. दुसरा काळ १८१६ ते १८१८: पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे सप्टेंबर १८१६ मध्ये ठाण्याच्या कैदेतून निसटले आणि त्यांनी याच डोंगरपट्ट्यात भिल्ल आणि पेंढारी गोळा केले. फेब्रुवारी १८१८ मधल्या आष्टीच्या लढाईनंतर पेशवे दुसऱ्या बाजीरावांची फौज कोपरगावच्या बाजूला आली. इंग्रजांची पलटण एप्रिल १८१८ मध्ये त्र्यंबकगडापर्यंत पोचली, आणि त्याच वर्षी त्रिंबकजी निफाडजवळच्या अहिरगावात पकडले गेले. म्हणजे तुमचा तालुका दोन्ही वेळा वाटेत होता.

‘होळकर की पेंढारी’ हा वाद मात्र सोडून द्या. शिंदे आणि होळकर दोघांच्याही फौजांबरोबर पेंढाऱ्यांच्या टोळ्या चालत. त्यांना पगार नसे, लूट हीच कमाई. १८०२ मध्ये होळकरी लष्कर गेलं आणि गाव पेंढाऱ्यांनी लुटलं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

तोबऱ्याची गोष्ट पेंढाऱ्यांच्या पद्धतीशी जुळते. घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरून माणसाच्या तोंडाला बांधायची आणि पुरलेलं धान्य-दागिने वदवून घ्यायचे, हा प्रकार त्या काळच्या नोंदींत वारंवार येतो. पण तो इतका कुप्रसिद्ध होता की ज्या गावात पेंढारी फिरकले नाहीत तिथल्या हकिकतींतही शिरला. म्हणून एकट्या त्यावर भिस्त ठेवू नका.

आता दरवाजा. लुटीला फिरणाऱ्या घोडदळाबरोबर सहसा तोफा नसत, आणि बंद दरवाज्यापुढे घोड्याचा काही उपयोग नाही. पेंढारी तंबू-बाजारबुणगे न घेता दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर कापत. एका वाड्यापुढे दिवसभर खोळंबणं त्यांना परवडत नसे, कारण मागून पाठलाग येण्याची धास्ती असे. आत चार तोडेवाल्या (जळत्या वातीने उडवायच्या) बंदुका असल्या आणि अडसर पक्का असला तर ते पेठ लुटत, कडब्याच्या गंजी पेटवत, खंडणी ठरवत आणि पुढे जात. वाडा पेटायचा तो बहुधा शेजारच्या गंजीची किंवा गवती छपराची ठिणगी उडून, नाहीतर दरवाज्याशी सरपण रचून. सरपण रचलं असेल तर दरवाज्याचा बाहेरचा, खालचा भाग सगळ्यात खोल जळलेला हवा. आग आतून आली असेल तर चौकटीचं वरचं लाकूड, आतल्या अंगाने. हे बघून सांगा.

चौकटीवरच्या दोन फुटांवरच्या खुणा मला कुऱ्हाडीच्या वाटत नाहीत. घाव घालणारा अडसराच्या उंचीवर किंवा दिंडीच्या कडीजवळ घालेल, आणि कुऱ्हाडीचा घाव इंग्रजी व्हीसारखा उतरतो. बैलगाडी दरवाज्यातून आत नेताना चाकाचा कणा चौकटीला घासतो, त्याची खूण नेमकी त्या उंचीवर, आडवी आणि गुळगुळीत पडते. दोन्ही बाजूंना असेल तर गाडीचीच समजा.

भोकांसाठी: मजबूत लोहचुंबक दोऱ्याला बांधून एकेका भोकाजवळ न्या. खेचला गेला तर आत तुटका खिळा आहे, म्हणजे पूर्वी तिथे लोखंडी पाकळ्या किंवा पट्टी होती. अशी भोकं एका ओळीत, सारख्या अंतरावर असतात. खेचला गेला नाही तर शिसं असू शकतं. बारीक बांबूची काडी अलगद आत घाला आणि ती कोणत्या कोनात उभी राहते ते बाजूने फोटोत घ्या. भोकाचा व्यासही मोजा. देशी तोड्याच्या बंदुकांची गोळी एका मापाची नसे, पण कंपनी सरकारच्या शिपायांच्या बंदुकीची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटरची. सागाचे तंतू गोळी गेल्यावर थोडे मिटतात, म्हणून भोक गोळीपेक्षा लहान भरतं. आत काही चमकलं तरी चिमट्याने उपसू नका.

---

रुमाल:

‘सलास मयातैन व अलफ’ म्हणजे शुहूर सन (मराठी दफ्तरातली, अरबी आकड्यांत लिहायची कालगणना) १२०३. त्यात ५९९ मिळवले की सुरुवातीचं इसवी वर्ष मिळतं: १८०२. हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालतं, म्हणून कागद जून १८०२ ते जून १८०३ मधला. हडपसरची लढाई आणि होळकरांची परतीची वाट दोन्ही यातच येतात. ताळा म्हणून कागदावर शके किंवा संवत्सर आहे का बघा. शके १७२४ असेल तर संवत्सर दुंदुभी हवं. फसली (महसुली) सन असेल तर तो १२१२ हवा, कारण फसलीत ५९० मिळवायचे. तिन्ही जुळले तर वाचन बरोबर. तारखेच्या जागी ‘छ’ आणि पुढे रजब, साबान असा मुसलमानी महिना असेल तर तो चांद्र दिवस आहे, तो कोष्टकावरूनच इंग्रजी तारखेत उतरवावा लागतो.

पण त्या सालचा कागद घरात आहे, एवढ्यावरून स्वारी सिद्ध होत नाही. त्या वर्षी लग्नाची यादीही लिहिली गेली असेल. कागद कसला आहे ते आधी ठरवा: कर्जरोखा, कौल (सरकारी अभयपत्र), पावती, महजर (निवाड्याचा कागद), की जमाखर्च.

वाडा जळाल्याची नोंद शोधत बसू नका, ती क्वचित मिळते. गावाचा वसूल शोधा. फौज गेली की पिकाची पायमल्ली होई, रयत परागंदा होई आणि गाव बेचिराग (ओसाड) पडे. तशा गावाला सरकार वसुलात सूट देई आणि माघारी बोलवायला कौल देई. मग इस्तावा ठरे: पहिल्या वर्षी थोडा सारा, दर वर्षी चढत जाऊन चार-पाच किंवा अधिक वर्षांनी पूर्ण. तुमच्या रुमालात आकड्यांची अशी चढती ओळ असलेला कागद असेल तर तो सगळ्यात मोलाचा. इस्तावा ज्या सनापासून सुरू होतो त्याच्या आधीच्या एक-दोन वर्षांत गाव मोडलं होतं, इतकं त्यावरून खात्रीने म्हणता येतं. मात्र कारण लष्कर की दुष्काळ, हे मजकुरात वाचल्याशिवाय धरू नका. १८०३-०४ मध्ये दोन्ही एकावर एक आले. आणि पायमल्ली शत्रूचीच असते असंही नाही. पेशव्यांची स्वतःची फौज तळ देऊन गेली तरी उभं पीक जाई.

दुसरा प्रश्न: तेव्हा गाव कोणाच्या अंमलात होतं? निफाडच्या आसपास विंचूरकरांच्या सरंजामाची (फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेली) गावं होती, काही थेट सरकारी, आणि उत्तरेला चांदवडकडे होळकरांचा मुलूख. होळकर स्वतःच्या गावाला सहसा आग लावणार नाहीत. गाव पेशव्यांकडे किंवा त्यांच्या सरदाराकडे असेल तर शक्यता वाढते. अंमल कोणाचा हे कळलं की कागद कुठे शोधायचे तेही कळतं. पेशव्यांच्या अमलातल्या गावांचे हिशेब पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात आहेत, मोडीत, रुमालांत बांधलेले. तिथे जाताना गावाचं नाव, त्या वेळचा परगणा आणि शुहूर सन या तीन गोष्टी लिहून न्या. आजच्या तालुक्याच्या नावावर काही सापडणार नाही. मागायचे सन: १२०२ ते १२०६, आणि दुसऱ्या काळासाठी १२१६ ते १२२०.

घरच्या कागदांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, घड्या जोराने उलगडू नका. जसे बांधलेत त्या क्रमाने नंबर देऊन दोन्ही बाजूंचे फोटो काढा. शिरोरेघेच्या वरचा कोरा भाग आणि पाठीमागचा शेराही फोटोत यायला हवा, कारण सन आणि दफ्तरी खुणा बऱ्याचदा तिथेच असतात.

---

गोदाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं तपासलं.

तुळई पुसल्यावर खवले दिसले, जळकीच आहे. तिच्यातल्या खाचा आतूनही कोळसलेल्या आहेत, पण त्यांत बसलेल्या कड्या आणि वरचे पाट स्वच्छ. रिकामी खाच एकही नाही. खिळे सगळे चौकोनी. तुळईजवळचा मातीचा खडा रात्रभर पाण्यात राहूनही तसाच आहे, मागच्या चौकातला पाच मिनिटांत विरघळला.

दरवाजा बाहेरून खाली जळलेला नाही. चौकटीच्या वरच्या लाकडाला आतल्या बाजूने कोळसा आहे. घासल्याच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर आहेत. भोकं एकूण अकरा. आठ एका ओळीत, तिथे चुंबक चिकटतो. तीन दिंडीच्या वर विखुरलेली, तिथे चिकटत नाही. व्यास तेरा-चौदा मिलिमीटर, आणि काडी बाहेरून खाली झुकते, म्हणजे वार खालून वर गेलेला.

१२०३ चा कागद कर्जरोखा निघाला. दुसऱ्या एका कागदावर ‘खमस मयातैन व अलफ’ असा सन आहे आणि खाली पाच आकडे चढत गेलेले आहेत.

आता तुळई ठेवायची की काढायची?

---

पागा:

तीन भोकं गोळीची असण्याची शक्यता बरीच आहे. कोन बघता मारणारा दरवाज्यासमोर जमिनीवर उभा होता आणि नेम दरवाज्याच्या वर होता, बहुधा देवडीच्या माथ्यावर किंवा गच्चीवर असलेल्या माणसावर. घोड्यावरून झाडलेली गोळी इतकी वर झुकत नाही. माप कंपनीच्या गोळीपेक्षा बरंच लहान आहे, तेव्हा हत्यार देशी. पण देशी तोड्याच्या बंदुका १८०२ मध्येही होत्या, १८१८ मध्येही, आणि त्यानंतरच्या दरोड्यांतही. साल त्यावरून मिळणार नाही. दिंडीच्या वरच्या भिंतीत आतून उतरती, बाहेर अरुंद आणि आत रुंद अशी भोकं म्हणजे जंग्या बुजवलेल्या आहेत का, तेवढं बघा. गिलावा ठोकून पोकळ आवाज येतो तिथे असतील.

आग दरवाज्याशी लावलेली नाही हेही आता स्पष्ट आहे. ती छतातून आली.

---

रुमाल:

‘खमस मयातैन व अलफ’ म्हणजे १२०५, जून १८०४ ते जून १८०५. पाच चढते आकडे म्हणजे इस्तावाच दिसतोय. तसं असेल तर गाव १८०४ च्या आधी मोडलं होतं आणि तेव्हा पुन्हा वसत होतं. १२०३ चा कर्जरोखा कशासाठी घेतला ते शेवटच्या ओळींत असेल. खंडणी भरण्यासाठी कर्ज काढलं असेल तर तुमच्या हकिकतीला आतापर्यंतचा सगळ्यात भक्कम आधार तोच, कारण त्यात सावकाराचं नाव, रक्कम आणि तारीख येते. त्या दोन कागदांचं पूर्ण वाचन होईपर्यंत होळकरांचं नाव दरवाज्यावरच्या पाटीवर घालू नका. ‘इ. स. १८०४ पूर्वीच्या आगीनंतर दुरुस्त’ एवढंही आज लिहिता येणार नाही. गाव मोडल्याचं साल कागदावरून मिळतंय, आग चौकोनी खिळ्यांच्या काळातली हे लाकडावरून कळतंय. त्या दोघांना जोडणारा दुवा अजून हाती नाही.

---

कडीपाट:

रिकामी खाच नाही आणि भिंतही त्याच जागी भाजलेली आहे. म्हणजे तुळई इथेच, याच जागेवर जळाली, छत पूर्ण गेलं, आणि हाताने घडवलेल्या खिळ्यांच्या काळात नवीन छत तिच्यावर बसवलं. ज्याने ते केलं त्याने ती तुळई पारखूनच ठेवली. तुम्हीही ठेवा.

ताकदीचा हिशेब असा. कोळशाचा थर खरवडू नका. एका ठिकाणी, वरून दिसणार नाही अशा जागी, बारीक टोच्याने कोळसा किती खोल आहे ते मोजा. समजा मूळ तुळई २०० बाय २५० मिलिमीटर होती आणि दोन बाजू व खालचा भाग २० मिलिमीटर जळाला. उरलं १६० बाय २३०. वाकण्याविरुद्धची ताकद रुंदी गुणिले उंचीचा वर्ग या प्रमाणात बदलते, म्हणजे मूळच्या सुमारे ६८ टक्के शिल्लक आहे. जुन्या सुतारांनी तुळया हात राखून न घडवता मजबूत घडवल्या, त्यामुळे बहुतेक वेळा एवढं पुरतं. तरी संरचना अभियंत्याकडून, आणि तोही लाकूडकाम जाणणारा असेल तर उत्तम, हा हिशेब तपासून घ्या.

खरा धोका तुळईच्या मधोमध नसून टोकाला, भिंतीत शिरलेल्या भागात असतो. तिथे ओल आणि वाळवी लपते. पेचकस दाबून बघा. सहज आत गेला तर टोक कुजलं आहे. मग तेवढंच टोक कापून जुन्याच सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडता येतो, सगळी तुळई बदलावी लागत नाही.

छत वाकलेलं दिसत असेल तर दोष आगीला देण्याआधी धाब्यावरची माती खणून तिची जाडी मोजा. दर दोन-चार वर्षांनी गळती थांबवायला वर नवी माती टाकतात आणि जुनी कोणी काढत नाही. एक फूट माती म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो, पावसात भिजल्यावर आणखी. आधी प्रत्येक तुळईखाली लाकडी टेकू द्या, मग माती दोन्ही बाजूंनी सारखी-सारखी उतरवा. एका बाजूची सगळी एकदम काढली तर दुसरी बाजू खचते. चार ते सहा इंच ठेवून वर चुन्याचा कोबा करा, उतार चौकाकडे न देता बाहेरच्या पन्हळीकडे द्या.

गर्डर नको म्हणण्याचं कारण जुन्याचं प्रेम नाही. गर्डरचा भार भिंतीच्या हातभर जागेवर येतो आणि पांढऱ्या मातीची भिंत तिथे फुटते. घालायचाच झाला तर खाली भार पसरवणारा रुंद पाटथर (सपाट दगड) हवा. सिमेंटचा गिलावाही नको. भिंत जमिनीतून ओल ओढते, मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, सिमेंट आत कोंडतं. दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा भिंतीच्या मातीसकट सुटून येतो आणि आत भिंत पोखरलेली सापडते. पांढरी माती, तूस आणि शेण कालवून पंधरा दिवस कुजवलेला गारा आतून, आणि बाहेरून एकास तीन चुना-वाळूचा गिलावा. चुना निदान महिनाभर विरवलेला हवा, आणि गिलावा झाल्यावर आठवडाभर ओला ठेवायचा. उन्हाळ्यात घाई केली तर तडे जातात.

भाजलेल्या भिंतीचा एक चौरस फूट भाग गिलावा न करता उघडा ठेवा, कडेला लाकडी पट्टी मारा. तुळईवर पॉलिश नको, मऊ ब्रशने धूळ झाडा, बस्स. दरवाजाही तसाच: जवसाच्या तेलाचा पातळ हात चालेल, पण तीन भोकांच्या आसपास वीतभर जागा कोरडी सोडा. लांबी, मेण, भुसा-डिंक काही भरू नका. दरवाज्याचे फोटो रात्री काढा, बॅटरी फळीला चिकटून आडवी धरा. सरळ उजेडात न दिसणारे घाव, जुन्या पाकळ्यांची वळणं त्यात उठून दिसतात.

---

पेव:

भुयाराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण यात जीव जाऊ शकतो.

माजघराच्या कोपऱ्यातली पोकळी बहुतेक वेळा बळद किंवा पेव (धान्य साठवायची जागा) असते, नदीपर्यंतचं भुयार नसतं. तोंड अरुंद, आत सुरईसारखी फुगलेली आणि तळ बंद असेल तर पेव. भिंतीलगत चौकोनी आणि गिलावा केलेली असेल तर बळद. एका बाजूने सलग उतार आणि तळाला दगडी पाट असेल तर चौकाची मोरी. गोदाकाठची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यात शे-दोनशे वर्षं टिकणारं लांब भुयार दगडी कमानीशिवाय शक्य नाही. कमान दिसली तरच पुढचा विचार करा. पोकळीत धान्य आणि माणसं दोन्ही लपली असतील हे मात्र अगदी शक्य आहे. पेंढाऱ्यांचा शोध पेवांवरच असे.

बंद पेवात कुजणाऱ्या धान्यामुळे प्राणवायू संपतो आणि जड वायू तळाशी साचतो. वास येत नाही. झाकण काढून दोन दिवस उघडं ठेवा, पंख्याला पाइप लावून हवा तळापर्यंत सोडा, आणि प्राणवायू मोजायचं यंत्र असल्याशिवाय कोणाला उतरवू नका. दिवा सोडून बघणं पुरेसं नाही. आतला माणूस कोसळला तर त्याला काढायला दुसऱ्याने उतरायचं नाही, म्हणून पहिल्याच्या कमरेला दोर बांधलेला हवा. आधी मोबाइल काठीला बांधून व्हिडिओ काढा, निम्मी उत्तरं त्यातच मिळतील. तळाची माती चाळायची असेल तर थराथराने, आणि राखेचा थर लागला तर त्याची खोली मोजून फोटो.

नाणी किंवा दागिने निघाले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर गुन्हा होतो. आणि दरवाजा विकत मागायला कोणी आलं तर लक्षात ठेवा: शंभर वर्षांपेक्षा जुनं कोरीव लाकूडकाम पुरावस्तू ठरू शकतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

---

गोदाकाठ:

पोकळी चौकोनी आहे, आतून गिलावा, तळ बंद. म्हणजे बळद. कंत्राटदाराला गर्डर आणि सिमेंट दोन्ही रद्द म्हणून कळवलं. कर्जरोख्याचे शेवटच्या ओळींसकट फोटो काढलेत, इथेच टाकते. कागदांव्यतिरिक्त घराण्याबद्दल अजून कुठे काही मिळेल का?

---

रुमाल:

फोटो टाका, वाचून देतो. मागचा शेराही हवा.

आणखी एक जागा तुमच्या अगदी जवळ आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. घराण्यातलं कोणी यात्रेला, श्राद्धाला, सिंहस्थाला आलं की उपाध्याय त्याच्याकडून नाव, गाव, आडनाव, वडील-आजोबा-पणजोबा, भाऊ-मुलं असं सगळं लिहून घेत, बऱ्याचदा यजमानाच्या सहीने. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमचे उपाध्याय कोण ते पंचवटीत कळेल. तिथे शके १७२० ते १७४५ मधल्या नोंदी मागा. १८०२ च्या आधीच्या नोंदीत असलेली नावं नंतरच्या नोंदीत कोणाकोणाची गळाली, आणि राहण्याचं गाव बदलून दुसरं लिहिलंय का, ही दोन टिपणं काढा. गाव मोडल्यावर कुटुंब काही वर्षं दुसरीकडे राहिलं असेल तर ते तिथे दिसेल, आणि इस्ताव्याच्या पाच वर्षांशी ताडून बघता येईल. वही गुरुजींच्या हातातच राहू द्या, पानं ते उलटतील. फोटो आधी विचारून. परवानगी नसेल तर नोंद शब्दशः उतरवून घ्या, वहीचा आणि पानाचा क्रमांक सोबत.